सेंट ऑगस्टीनच्या १६६८ च्या रीएनॅक्टमेंटमध्ये पहिल्यांदा उतरताय? तयारी कुठून सुरू करायची आणि लोक कुठे गंडतात

रीएनॅक्टमेंट म्हणजे इतिहासातला प्रसंग त्या काळच्या वेषात पुन्हा उभा करणं. इथे तो प्रसंग म्हणजे १६६८ मध्ये पायरेटांनी, म्हणजे समुद्री लुटारूंनी, फ्लोरिडातलं सेंट ऑगस्टीन लुटलं तो. फ्लोरिडात राहणारे, किंवा जॅक्सनव्हिल-ऑरलँडोला नातेवाइकांकडे येऊन वीकेंडला सेंट ऑगस्टीन बघून गेलेले मराठी लोक एकच प्रश्न सारखा विचारतात, "आम्हालाही त्या पायरेटवाल्या प्रकारात भाग घ्यायचाय, तलवार कुठली घेऊ?" आणि हा प्रश्न येईपर्यंत बहुतेकांनी तिकोनी टोपी, गुडघ्यापर्यंतचे बूट आणि कवटीचं बक्कल असलेला पट्टा मागवून पण झालेला असतो. यातलं काहीही चालत नाही, मग पैसे गेले म्हणून चिडचिड, मग "ते लोक फार नखरे करतात" असं ऐकायला मिळतं. नखरे नाहीत हो, क्रम उलटा झालेला असतो. आधी साल, मग माणूस, मग आतले कपडे, मग बाहेरचे, आणि हत्यार सगळ्यात शेवटी. खाली त्याच क्रमाने लिहितोय.

## १. आधी साल पक्कं करा

"पायरेटचा काळ" असं कपड्यांच्या दुकानात चालतं, रीएनॅक्टमेंटमध्ये नाही. एकट्या सेंट ऑगस्टीनचंच बघा. तेव्हा हे स्पॅनिश गाव होतं. १५८६ च्या जूनमध्ये इंग्लंडच्या फ्रान्सिस ड्रेकने हे गाव जाळलं. मे १६६८ मध्ये जमैकाहून आलेल्या रॉबर्ट सर्लच्या टोळीने, पकडलेल्या स्पॅनिश मालवाहू जहाजाच्या आडून, रात्रीत गाव लुटलं आणि साधारण ६० माणसं मारली. आणि सिनेमातला प्रसिद्ध पायरेट ब्लॅकबिअर्ड मेला १७१८ मध्ये. या तिघांच्या कपड्यांत तेवढाच फरक आहे जेवढा तुमच्या पणजोबांच्या आणि तुमच्या कपड्यांत. ड्रेकच्या वेळी गळ्याभोवती चुण्यांची कॉलर, ब्लॅकबिअर्डच्या वेळी लांब कोट आणि तिकोनी टोपी, आणि सर्लच्या वेळी यातलं दोन्ही नाही.

हा लेख १६६८ बद्दल आहे, कारण लोक सगळ्यात जास्त त्यातच उतरतात. हा कार्यक्रम बहुतेक मार्चमध्ये असतो, तरी त्या वर्षीची तारीख बघूनच सुट्टी टाका. ड्रेकचा जूनमध्ये असतो, आणि फ्लोरिडाचा जून म्हणजे काय ते सांगायला नको, पहिल्यांदा येणाऱ्याला मार्चच बरा. आपल्याकडचा संदर्भ हवा असेल तर आग्र्याहून सुटकेला तेव्हा दोन वर्षं होत आली होती.

सावधान: तो भला मोठा दगडी किल्ला, कास्तीयो दे सान मार्कोस, १६६८ मध्ये नव्हताच. तेव्हा लाकडी किल्ला होता. तो सर्लला घेता आला नाही, पण गाव मात्र लुटलं गेलं, आणि त्याचाच धसका घेऊन माद्रिदहून दगडी किल्ल्याचा हुकूम निघाला, काम १६७२ ला सुरू झालं आणि १६९५ पर्यंत चाललं. त्यामुळे पूर्ण वेषात त्या किल्ल्यासमोर उभं राहून "१६६८" असं लिहून फोटो टाकलात की जाणकार लगेच हसणार.

## २. मग माणूस ठरवा, आणि साधाच ठरवा

सगळ्यांना कॅप्टन व्हायचं असतं. पण कॅप्टनचा वेष म्हणजे उंची कापड, लेस, टेलरिंग, म्हणजे चूक दिसायला सगळ्यात सोपा आणि खिशाला सगळ्यात जड. पहिल्या वर्षी गरीब माणूस व्हा. सोपे पर्याय असे: गावातला स्पॅनिश शिपाई, त्याची बायको किंवा आई, मासेमारी करणारा, किंवा सर्लच्या जहाजावरचा साधा खलाशी.

मला विचाराल तर स्पॅनिश बाजू घ्या. पायरेट व्हायला रांग लागलेली असते आणि गावकरी कमी पडतात, त्यामुळे नवीन माणसाला तिथे आनंदाने घेतात. शिवाय भूमिका पण जास्त भरलेली आहे. गावाला साधारण ३०० पगारी जागा मंजूर होत्या, पगार आणि माल मेक्सिकोहून यायचा आणि तो कायम उशिरा यायचा, त्यामुळे शिपाई मासे पकडायचा, शेती करायचा, चपला शिवायचा. १६६८ च्या शिपायाला युनिफॉर्म नव्हता. ठिगळ लावलेला सदरा हाच त्याचा खरा युनिफॉर्म म्हणा.

"आम्ही भारतीय दिसतो, चालेल का?" हाही प्रश्न नेहमीचा. चालतं. गावात तिमुकुआ, ग्वाले, अपालाची या तिथल्या मूळ जमातींचे लोक होते, आफ्रिकन वंशाचे गुलाम आणि स्वतंत्र माणसं होती, मेक्सिकोहून भरती झालेले शिपाई होते. आणि मेक्सिकोत मनिलाच्या जहाजांतून आशियातली माणसं येत होती. त्यातली सगळ्यात प्रसिद्ध म्हणजे कातारिना दे सान हुआन. मुघल मुलखात जन्मलेली मुलगी, पोर्तुगीजांनी पळवली, कोचीनमार्गे मनिलात विकली गेली, तिथून अकापुल्कोला आणि शेवटी पुएब्लात राहिली, तिथेच १६८८ मध्ये वारली. म्हणून "मी मेक्सिकोहून आलेला शिपाई" ही भूमिका आपल्याला छान बसते. मात्र लोकांना सांगताना "अमुक भारतीय इथे होताच" असं ठोकून देऊ नका, "असा माणूस येऊ शकला असता" इतकंच म्हणा.

तपासा: साल, गाव, धंदा, पगार कोण देतो, आणि हल्ल्याच्या रात्री मी कुठे होतो. या पाच गोष्टी दोन-तीन वाक्यांत सांगता आल्या की पुढे जा.

## ३. खरेदीच्या आधी ग्रुप गाठा

एकटं जाऊन उतरता येत नाही, कुठल्या तरी ग्रुपमार्फतच जावं लागतं, कारण विमा, सेफ्टी आणि कपड्यांची तपासणी त्यांच्याकडे असते. एक वर्ष नुसते प्रेक्षक म्हणून जा, छावणीत फिरा, सकाळी लवकर किंवा चकमक संपल्यावर बोला (चकमकीच्या आधी कुणालाच वेळ नसतो). दोन गोष्टी मागा: त्यांची कपड्यांची नियमावली आणि उधारीचे कपडे. बहुतेक ग्रुपकडे नवीन लोकांसाठी एखादी पेटी असते. पहिला कार्यक्रम उधारीवर काढा. त्यात तुम्हाला काय टोचतं, काय गरम होतं ते कळतं आणि मग विकत घेताना फालतू खर्च होत नाही.

ग्रुपची नियमावली आणि माझा हा लेख यात फरक पडला तर नियमावली खरी माना.

## ४. कपडे: आतून बाहेर

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या.

कापड. सदऱ्याला शंभर टक्के लिनन, बाहेरच्या कपड्यांना लिनन किंवा पातळ लोकर. ऑनलाइन "लिनन लुक" असं लिहिलेलं पॉलिस्टर निघतं, तेव्हा एक दोरा काढून चिमट्यात धरून जाळून बघा: लिननची कागदासारखी राख होते, लोकरीला केस जळल्याचा वास येतो, आणि पॉलिस्टर वितळून टणक मणी होतो. हा नुसता अस्सलपणाचा मुद्दा नाही. छावणीत चूल असते, बंदुकीच्या ठिणग्या असतात, आणि वितळलेलं पॉलिस्टर कातडीला चिकटतं.

सदरा. स्वतः शिवा, खरंच अवघड नाही, कारण त्या काळच्या सदऱ्यात गोलाई जवळजवळ नाहीच, सगळे आयत आणि चौकोन. दीड मीटर पन्ह्याचं अडीच-तीन मीटर कापड पुरतं. क्रम असा ठेवा:

- कापड आधी गरम पाण्यात धुऊन वाळवा. लिनन आटतं. हे न करता शिवलं तर पहिल्याच धुण्यात बाह्या वर जातात.
- अंगाचा एकच लांब आयत कापा, खांद्यावर दुमडून पुढे-मागे मांडीच्या खालपर्यंत येईल इतका. हा सदरा आत खोचून आतल्या कपड्याचंही काम करायचा, म्हणून एवढा लांब.
- गळा गोल कापू नका! घडीवर मध्यभागी आडवी चीर, आणि तिच्या मधून पुढच्या बाजूला खाली उभी चीर. आडवी चीर वाटते त्यापेक्षा लहान ठेवा. डोकं उभ्या चिरेमुळे जातं. मोठी झाली की सदरा खांद्यावरून घसरतो आणि मग काही इलाज राहत नाही.
- उभ्या चिरेच्या खालच्या टोकाला काजाचे टाके घालून बंद करा, नाहीतर ती पोटापर्यंत फाटत जाते.
- बाह्या म्हणजे दोन आयत. बगलेत १२ ते १५ सेंटिमीटरचा चौकोनी तुकडा घाला. लोक हा तुकडा कंटाळा करून गाळतात आणि मग हात वर केला की बगल उसवते.
- मनगटाला आणि गळ्याला चुण्या घालून पट्टी लावा. बटणाऐवजी नाडी चालते.

आतल्या लांब शिवणी मशीनवर मारा, कुणी बघत नाही. गळा, कफ आणि खालची कड मात्र हातशिलाईची, कारण तीन फुटांवरून दिसतं ते तेवढंच.

पुरुषांचं बाकीचं. स्पॅनिश बाजूला गुडघ्यापर्यंतचे काल्सोनेस (विजार), वर अंगाला बसणारा खुबोन (आखूड अंगरखा), आणि ऐपत असेल तर त्यावर रोपिया नावाचं जॅकेट. खलाशाला ढगळ, रुंद पायाच्या चड्ड्या आणि आखूड जॅकेट. मोजे गुडघ्याच्या वर जाणारे, लोकरीचे किंवा लिननचे, गुडघ्याखाली पट्टीने बांधलेले. फुटबॉलचे मोजे घालून येणारे असतात, ते लांबून ओळखू येतात.

बायकांचं. आतून लांब कामिसा (सदराच), त्यावर एक किंवा दोन घेरदार साया (घागरे), वर खुबोन, पुढे एप्रन, डोक्यावर कापड. सायेला परकरासारखी नाडी लावली की कमरेचं माप वाढलं-घटलं तरी चालतं. सगळ्यात मोठी चूक म्हणजे सदऱ्यावर बाहेरून घातलेला लेसवाला कॉर्सेट आणि उघडे खांदे. ते सिनेमातल्या दारूच्या गुत्त्यातलं आहे, सेंट ऑगस्टीनच्या गल्लीतलं नाही. केस मोकळे सोडू नका, वेणी किंवा अंबाडा घालून झाका. काही बायका खलाशी किंवा शिपाई म्हणूनही उतरतात, त्याबद्दल ग्रुपचा नियम विचारून घ्या.

टोपी. अगदी शेवटी. खलाशाला विणलेली लोकरी टोपी, बाकी सगळ्यांना रुंद कडेची साधी फेल्टची हॅट. तिकोनी नको, मोराचं पीस नको. आणि तो दोन बाजूंनी उतरता लोखंडी शिरस्त्राण, मोरिओन, जो प्रत्येक गिफ्ट शॉपमध्ये असतो, तो ड्रेकच्या सालासाठी ठेवा. १६६८ पर्यंत तो जुनाट झाला होता.

तपासा: सगळं घालून घरी खाली बसा, वाका, दोन्ही हात वर करा, जिना चढा. जिथे अडतं तिथे उसवणार, ते कार्यक्रमाच्या आधी दुरुस्त करा.

## ५. पाय

घोड्यावर बसायचे उंच बूट जहाजावर किंवा वाळूत कुणी घालत नसे. चामड्याचे बुटके शू, वर दोन पट्ट्या नाडीने बांधलेल्या, हे दोन्ही बाजूंना चालतं. बक्कल तेव्हा नुकतं श्रीमंतांकडे येऊ लागलं होतं, गरीब माणसाला नाडीच. स्पॅनिश बाजूला आणखी स्वस्त पर्याय म्हणजे दोरीच्या तळव्याच्या आल्पार्गातास, फक्त रबरी तळवा नसलेल्या शोधा.

नवीन शू घरात महिनाभर वापरा. चामड्याचा तळवा ओल्या गवतावर भयंकर घसरतो, तेव्हा तळव्यावर सँडपेपर मारून घ्या.

## ६. अंगावरचं एकविसावं शतक उतरवा

घड्याळ, फिटनेस बँड, नेलपॉलिश, गाडीची किल्ली कमरेला. हे सगळं काढा. लग्नाची साधी अंगठी चालते. मंगळसूत्र काढायचं नसेल तर कामिसाच्या आत राहू द्या, कुणी काही म्हणत नाही. चष्मा हा खरा प्रॉब्लेम. लेन्स लागत असतील तर उत्तम (धुराने डोळे चुरचुरतात, थेंब जवळ ठेवा), नाहीतर गोल धातूची साधी फ्रेम. पण चष्म्याशिवाय दिसतच नसेल तर आहे तो घालून या, आंधळेपणाने बंदुकांच्या रांगेत उभं राहण्यापेक्षा ते कधीही बरं.

फोन कापडी पिशवीत, सायलेंटवर. दम्याचा पंप, एपिपेन, डायबेटिसचं सामान हे मात्र अंगावरच ठेवायचं आणि ग्रुपमधल्या दोघांना कुठल्या पिशवीत आहे ते सांगून ठेवायचं.

## ७. हत्यार सगळ्यात शेवटी

पहिल्या कार्यक्रमाला बिनहत्यारी जा. पाण्याची बादली, जखमी माणूस, पळणारा गावकरी, यात भरपूर काम असतं.

सावधान: तुम्ही व्हिसावर असाल तर बंदूक किंवा बंदुकीची दारू विकत घ्यायच्याच काय, हातात घ्यायच्याही आधी वकिलाला आणि ग्रुपच्या सेफ्टी ऑफिसरला विचारा. "रेप्लिका आहे, काही होत नाही" असं छावणीत कुणीही सांगेल, पण उद्या निस्तरायचं तुम्हाला आहे.

घ्यायचीच झाली तर १६६८ ला स्पॅनिश शिपायाकडे तोड्याची (म्हणजे पेटत्या वातीने उडणारी) बंदूक शोभते, किंवा स्पॅनिश पद्धतीच्या चापाची, गारगोटीच्या ठिणगीने उडणारी. 'ब्राउन बेस' ही ब्रिटिश बंदूक नको, ती अठराव्या शतकातली. लोक तीच घेतात कारण स्वस्त मिळते. स्वस्त रेप्लिका बऱ्याचदा भारतातूनच बनून येतात आणि अनेकदा काना (आग नळीत जायचं भोक) न पाडलेल्या असतात. तो काना घरी ड्रिलने पाडू नका, जाणकार गनस्मिथकडे द्या, आणि ग्रुप ती बंदूक चालवून घेतो का ते पैसे भरायच्या आधी विचारा.

ड्रिल तुम्हाला ग्रुप शिकवेल, लेख वाचून बंदूक उडवायची नसते. तरी या गोष्टी आधीच डोक्यात पक्क्या असाव्यात:

- गोळी नाही, बोळा नाही. नुसती मोजलेली दारू, आधीच बांधलेल्या कागदी पुडीतून. किती, ते सेफ्टी ऑफिसर सांगेल तेवढीच.
- ठासायचा गज मैदानात बाहेर काढायचा नाही. घाईत नळीतच राहिलेला गज म्हणजे बाण.
- नेम माणसावर कधीच नाही. बऱ्यापैकी वर किंवा बाजूला.
- रंजक (कान्याजवळची पेटवायची दारू) पेटली आणि बार झाला नाही, तर नळी वर, सुरक्षित दिशेला धरून थांबा, हात वर करून सांगा. नळीत डोकावायचं नाही, लगेच परत रंजक भरायची नाही.
- पेटता तोडा आणि दारूची पिशवी एका हाताच्या अंतरातही येऊ द्यायची नाहीत. पुडी काढताना तोडा कुठे आहे, हे प्रत्येक वेळी आधी बघायचं.

तलवारीचंही तेच. छावणीत फिरताना म्यानात आणि म्यान बांधलेलं. "काका, जरा हातात द्या ना" म्हणणाऱ्या पोराला नाही म्हणायला शिका.

## ८. छावणी आणि पोट

मक्याचं पीठ, घेवडा, लाल भोपळा, मासे, कालवं, डुकराचं मांस, लसूण, व्हिनेगर, ऑलिव्ह तेल, हे सगळं चालतं. शाकाहारी लोकांनी घाबरायचं कारण नाही: काबुली चणे ही स्पॅनिश स्वयंपाकातली रोजची गोष्ट, लसूण आणि ऑलिव्ह तेलात शिजवा. मार्चमध्ये बहुधा लेंट, म्हणजे ईस्टरच्या आधीचा उपवासाचा काळ, चालू असतो, आणि शुक्रवारी मांस न खाण्याचा कॅथलिक नियम होताच, म्हणजे तुमचं ताट उलट जास्त अस्सल.

दुधाचा चहा विसरा. त्याऐवजी कासिना प्या, तिथल्याच झुडपाची भाजलेली पानं उकळून केलेली, तिमुकुआंकडून स्पॅनिश लोकांनी उचललेली. कॅफीन असतं, सकाळचं डोकं दुखत नाही. हल्ली याउपोन नावाने मिळते.

भांडी लोखंडी, तांब्याची, मातीची, लाकडी. स्टीलचा डबा आणि कूलर तंबूत गोणपाटाखाली. पाणी मात्र भरपूर, मातीच्या सुरईत ओतून समोरच ठेवा म्हणजे प्यायची आठवण राहते, लिनन घातलं तरी ऊन ते ऊनच. चुलीजवळ वाळूची आणि पाण्याची बादली आग पेटवायच्या आधी भरलेली हवी, आणि सायेचा घेर कमरेला खोचलेला.

## ९. मरायचं कसं

हसू नका, नवीन माणूस इथेच घोळ घालतो. कधी मरायचं हे आधी ठरवून घ्या, सगळे पहिल्याच बाराला पडले तर लढायला कोण राहणार? पडायच्या आधी खाली बघा, दगड, तलवार, दुसरा मेलेला. हत्यार आधी हळूच खाली ठेवा मग पडा, त्यावर पडू नका. बंदुकीच्या तोंडासमोर पडू नका. डोकं प्रेक्षकांकडे आणि तोंड सावलीकडे केलंत तर पंधरा मिनिटं सुखाने जातात. खरंच लागलं असेल तर आपल्या नेहमीच्या इंग्रजीत मोठ्याने सांगायचं. त्यासाठी ग्रुपचा ठरलेला शब्द असतो, तो सकाळीच विचारून घ्या.

## १०. लोकांशी बोलताना

"आर्र" नको. खलाशाचा तो आवाज सिनेमाने दिलाय. स्वतःच्या साध्या आवाजात बोला. "आग खरी आहे का?" आणि "गरम होत नाही का?" हे दोन प्रश्न दिवसभर येणार, दोन्हीचं उत्तर तयार ठेवा आणि संध्याकाळपर्यंत चेहरा हसरा ठेवा.

एक गोष्ट मात्र गमतीवारी नेऊ नका. सर्लच्या लोकांनी जाताना काळ्या, स्थानिक आणि मिश्र वंशाच्या माणसांना विकायला म्हणून उचलून नेलं, त्यातले काही स्वतंत्र होते, नुसत्या कातडीच्या रंगावरून त्यांना गुलाम ठरवलं गेलं. खजिना, रम, पोपट यावर प्रेक्षक खूश होतात हे खरं, पण पायरेट म्हणून उभे असाल तर हा प्रश्न येणार, आणि तेव्हा भूमिका सोडून सरळ उत्तर द्यायचं.

## ११. घरी आल्यावर, त्याच रात्री

बंदूक वापरली असेल तर झोपायच्या आधी साफ. बाराची काजळी हवेतलं पाणी ओढते आणि समुद्राकाठच्या दमट हवेत सकाळपर्यंत गंज धरतो. गरम साबणाचं पाणी, मग चिंधी पांढरी निघेपर्यंत पुसणं, पूर्ण कोरडी, मग तेल, आणि काना मोकळा आहे का ते सुईने बघायचं. उरलेला तोडा पाण्यात बुडवून विझवा, नुसता पायाखाली चिरडलेला तोडा गाडीच्या डिकीत परत धुमसतो.

लोकर धुऊ नका, बाहेर टांगून धूर जाऊ द्या. लिनन थंड पाण्यात. उसवलेल्या जागा त्याच दिवशी कागदावर लिहा. आणि उधारीचे कपडे धुऊन आठवड्याच्या आत परत करा, फक्त त्यातलं जे जॅकेट तुम्हाला नीट बसलं ते परत द्यायच्या आधी जमिनीवर पसरून त्याची मापं वर्तमानपत्रावर उतरवून घ्या. स्वतःचं शिवायला तोच पॅटर्न वापरायचा.